मागची बाजू

मंगरूळपीरच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर बाप-लेक बसले होते. लेकीच्या हातात नुकताच टाइप करून आणलेला नोकरीचा अर्ज होता.

“पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम हाये, बाबा.”

“येवढी मोठी नवकरी, अन् एकच पान?”

“टायपिंगच्या सरायनं सांगतलं, जे येते तेच लिवा. गणितात पयला वर्ग, मिनिटाले चाळीस शब्द.”

“वावर किती, ते लिवलं?”

“नाही इचारलं.”

“अन् जात?”

“तेबी नाही इचारलं.”

“नीट पाय. मागच्या बाजूले असन.”

“मागं कोरं हाये, बाबा.”

“दे इकडं.”

कागद उलटल्याचा आवाज आला. मग पुन्हा उलटल्याचा.

“विजयमाला, वाच एकडाव. मोठ्यानं वाच.”

“लोक आयकतीन, बाबा.”

“आयकू दे.”