मीनाच्या कंप्युटरचा मेंदू

चहा निवू द्या, तोवर आमच्या नातीचं सांगतो. मीनाचा खेळायचा कंप्युटर स्वस्तातला. त्याच्यावर खेळ अडखळायला लागला, आणि कॉलेजातली स्पर्धा चार दिवसांवर आली.

"अज्जा, नवा प्रोसेसर घालू की नको? तो ह्याचा मेंदू असतो. घातला तर साठवलेले पैसे सगळे जातील, नाही घातला तर मी हरेन."

मी म्हटलं, "मला काय कळतंय बाळ? पण मेंदू बदलायच्या आधी वैद्याला तरी दाखवू."

राजाजीनगरच्या दुकानदारानं झाकण उघडलं आणि हसायलाच लागला. "मेंदू बरा आहे अज्जा. पंखा अडकलाय, म्हणून तापतोय. ह्यात झेंडू कुणी घातला?"

मीना माझ्याकडे बघायला लागली.

आता आयुधपूजेला शिवणयंत्राला फूल वाहिलं, मिक्सरला वाहिलं, मग ह्यालाच कसं वगळू? वर जाळी होती, तिच्यावर ठेवलं. पाकळ्या वाळून आत पडल्या असतील.

त्या काढल्यावर खेळ नीट चालला. मीना दुसरी आली.

यंदा पूजेला मी ताट घेऊन गेलो, तर कंप्युटरवर चादर घातलेली.

"अज्जा, ह्याला नुसता नमस्कार कर. तोही लांबूनच."