तुम्ही इथे आहात

नाही, पण 'जरा' म्हणजे किती, हे कुणी सांगेल का मला? तुम्हाला सांगतो, या हॉस्पिटलात मी कंत्राटावरचा प्रोग्रामर, दारातल्या मोठ्या स्क्रीनवर इमारतीचा नकाशा काढायचा, त्यात एक लाल ठिपका आणि शेजारी 'तुम्ही इथे आहात', बस्स, एवढंच काम... जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर हातात नारळ, असं मोठ्या डॉक्टरांनी हसत हसत सांगितलेलं, आणि हसत सांगणारी माणसं फार वाईट हो.

आता तुम्हाला वाटेल, ठिपकाच तर आहे, टाकला की झालं. आमच्या बायकोलाही तेच वाटतं. अहो, स्क्रीनवर चित्र काढायची जी जागा असते ना, त्या कॅनव्हासचा कारभारच उफराटा! मोजायचं वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, खाली उतरायचं तर आकडा वाढवायचा, ठिपक्याला सांगायचा त्याच्या चौकटीचा कोपरा, पण अक्षरांना कोपरा चालत नाही, त्यांना सांगायची पायाखालची रेघ, म्हणजे दोघांना एकच पत्ता दिला की ठिपका खाली लोंबतो आणि अक्षरं त्याच्या डोक्यावर चढून बसतात. तरी जमवलं मी. ठिपका बरोबर दारात, अक्षरं त्याला खेटून, माझं मलाच कौतुक वाटलं.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले, चष्मा कपाळावर. "छान आहे, पण त्या 'आहात'खाली माझी केबिन गेली की. जरा सरकवा." सरकवलं. मग मेट्रनबाई. "मी बाई कुणाच्या कामात बोलत नाही, पण 'तुम्ही' माझ्या वॉर्डावर आलंय, जरा सरकवा." सरकवलं. मग हिशेबनीस... कुणी शोधत येऊ नये म्हणून दिवसभर आतून कडी लावून बसणारा माणूस, त्यालाही आपलं नाव झाकलेलं चालेना! पेशंटला डॉक्टर सापडो न सापडो, यांची पाटी दिसली पाहिजे.

म्हटलं, साहेब, नकाशाभर तुमचीच नावं, अक्षरं नेऊ कुठे? तर तिघांनी डोकी लावून मोकळी जागा शोधली. कुठे? मागच्या अंगाला, शवागारापाशी. तिथे कुणाची केबिन नाही ना. मग हिशेबनीस म्हणतो, "अक्षरं तिथे आणि ठिपका इथे, हे कसं दिसतं? ठिपकाही जरा सरकवा." म्हटलं, अहो, माणूस जिथे उभा आहे तो ठिपका, तो कसा सरकवणार? तर माझ्याकडे बघून म्हणतो, "का, तुम्हाला येत नाही का?"

आता नोकरीचा प्रश्न... सरकवला.

सकाळी दार उघडलं, पहिलेच एक आजोबा आले, काखेत एक्स-रेचं पाकीट, मागे आजी. एकेका अक्षराखाली बोट फिरवत वाचलं, ठिपक्याशेजारचं 'शवागार' वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझा दंड धरून हळूच म्हणाले, "बाळा, हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?" आजींनी त्यांना चिमटा काढून बघितला. पुढे जो गोंधळ झाला तो काय सांगू... दुपारी सगळे केबिनवाले जमले. मी म्हटलं, ठिपका दारात नेतो, अक्षरं जिथे पडतील तिथे पडू देत. एकानं मान हलवली असेल तर शपथ! सगळे मला असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या पगारावर अक्षरं टाकतोय.

शेवटी मोठे डॉक्टर उठले, चष्मा कपाळावरून नाकावर आला, म्हणजे आता निर्णय. "नकाशात काय चूक आहे? काहीच नाही. चूक मशीनच्या जागेत आहे. मशीन जरा सरकवा."

शिपायांनी उचललं आणि नेलं. सध्या ते शवागाराच्या बाहेर उभं आहे. ठिपका अचूक, अक्षरं अचूक, एकाही केबिनला धक्का नाही. आणि तुम्हाला सांगतो, तिथे येणाऱ्यांपैकी आजवर एकानंही तक्रार केलेली नाही, त्याच जोरावर माझी नोकरी पक्की झाली.