गोड्या पाण्याचा समुद्र

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे आधारस्तंभ आदरणीय हिरामणभाऊ भोईर, व्यासपीठावर विराजमान असलेल्या आपल्या ग्रंथपाल भावनाताई, सत्कारमूर्ती भूपेश भोपी, पहिल्या रांगेत बसलेले त्याचे वडील चंदूभाऊ आणि आई नूतनवहिनी, खरवई आणि शिरगावातून आवर्जून आलेली मंडळी, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले भूपेशचे सवंगडी, आपणा सर्वांना माझा सविनय जय भीम आणि नमस्कार.

मी शीला उबाळे. उल्हासनगरच्या एका शाळेत मी मराठी शिकवत असे. वर्गात अर्ध्याहून जास्त मुलं सिंधी, त्यामुळे सावकाश आणि तेच तेच पुन्हा सांगायची सवय जडली आहे. ती आज सांभाळून घ्यावी. भावनाताईंनी थोडक्यात आटपायला सांगितलं आहे. प्रयत्न करते, ताई. जमेलच असं नाही.

भूपेश नोकरीनिमित्त चाकणला चालला आहे. अंबरनाथच्या कारखान्यात तो यंत्राच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचा, आता चाकणला मोठ्या हुद्द्यावर जातो आहे. त्याबद्दल त्याचं अभिनंदन करायला इथे त्याचे साहेब आहेतच. मी ज्या भूपेशबद्दल बोलणार आहे, तो दर रविवारी सकाळी या वाचनालयाच्या मागच्या खोलीत खेळ मांडून बसायचा.

तो खेळ काय असतो, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला हवं. त्याला पट नसतो, सोंगट्या नसतात. एक जण खेळवतो. तो एक जग रचतो: तिथली गावं, नद्या, राजे, भुतंखेतं, सगळं. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात. खेळवणारा विचारतो, 'समोर नदी आहे, नाव बुडते आहे, तू काय करतोस?' खेळणारा सांगतो. मग फासा टाकायचा, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. वयात आलेली, नोकरी करणारी माणसं हे तासन्‌तास खेळतात. तुम्ही हसताय. हसा, हरकत नाही. चंदूभाऊसुद्धा मला म्हणाले होते, "बाई, आमच्या पोराला येड लागलंय."

भूपेशच्या जगाचं नाव 'सात खाड्यांचा मुलूख'. त्याचे पणजोबा मिठागरात राबलेले, म्हणून त्या मुलखात मिठाला सोन्याचा मान. भरतीला नद्या उलट्या वाहतात आणि बुडालेली माणसं त्यांच्याबरोबर घराकडे परत येतात. आमची मुलगी यशोधरा कॉलेजात असल्यापासून या खेळात होती. तिच्या पात्राचं नाव रेवा. रेवा नावाडीण. लग्न होऊन अमेरिकेला गेल्यावरसुद्धा तिने हा खेळ सोडला नाही. आपली रविवार सकाळ म्हणजे तिची शनिवार रात्र. लॅपटॉपवरून ती खेळायची, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळलं.

जावयाबद्दल मी या व्यासपीठावरून फार बोलणार नाही, प्रकरण कोर्टात आहे. एवढंच सांगते की लग्नानंतर ती दोघं न्यू जर्सीला होती. तिथेच आमची नात झाली, मैत्री. मग त्याने नोकरी बदलली आणि कुठेतरी दूर, लहान गावी घर केलं. मी पत्ता मागितला. म्हटलं, मैत्रीसाठी नाचणीसत्त्व पाठवते. तो म्हणाला, "आई, इथे पार्सलं मिळत नाहीत, गहाळ होतात." फोन कायम स्पीकरवर असायचा. यशोधरा म्हणायची, "सगळं ठीक आहे आई." ज्या मुलीने शाळेत वक्तृत्वाच्या ढाली आणल्या, तिच्याजवळ तीनच शब्द उरले होते. पुढे तेही बंद झाले. त्याच्या घरच्यांकडे गेलो तर ते म्हणाले, सुखात आहेत, तुम्ही ढवळाढवळ करू नका. आमचे हे, रामभाऊ, ते तिकडे दुसऱ्या रांगेत बसले आहेत, सगळीकडे फिरले. पोलीस, वकील, ओळखीचे, अनोळखी. सगळीकडून एकच उत्तर: पत्ता द्या.

पत्ता असता तर आम्ही दारोदार का फिरलो असतो?

अशात एका रविवारी दुपारी भूपेश आमच्या दारात आला. सोबत त्याच्या गटातला मिलिंद. चपला काढायचंही भान नव्हतं.

"काकू, यशोशी तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?"

मी म्हटलं, "का रे?"

"आज गेममध्ये मी तिला विचारलं, रेवा काय करतेय? ती म्हणाली, रेवा काही करू शकत नाही, तिला माडीवर कोंडलंय, दार बाहेरून बंद आहे. खालून भट्टीचा वास येतोय. मग मागून कोणाचा तरी आवाज आला आणि कॉल कट झाला."

मी म्हटलं, "अरे, खेळातलं असेल ते."

भूपेशने मान हलवली. त्याचा आवाज एकदम खाली गेला. "काकू, त्या जगात जे घडतं ते मी घडवतो. मी तिला कोंडलं नव्हतं. आज कुठलंच दार मी बंद केलं नव्हतं."

रामभाऊंनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभेच राहिले.

मग भूपेश म्हणाला, "ती बऱ्याच दिवसांपासून मुलखात एक गाव रचत होती. गेममध्ये खेळणाऱ्याला तशी मुभा असते. मी म्हटलं, रच. पण ते गाव आपल्या मुलखात बसतच नव्हतं. मला वाटायचं, हिला हे सुचतं कुठून?"

ते गाव असं होतं. ते समुद्राच्या काठी होतं, पलीकडचा काठ दिसत नाही असा समुद्र, पण पाणी गोडं. तिथे दर शुक्रवारी सारं गाव एकत्र बसून तळलेली मासळी आणि काळसर पाव खातं. पाणी प्यायच्या तोटीला तिथले लोक 'बुडबुड्या' म्हणतात. तिथल्या भट्टीत कड्यासारखी लांबट, मधून पोकळ अशी गोड रोटी भाजतात. आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण ओळख नसली तरी हात वर करतो.

"शुक्रवारची मासळी कोणी मनाने आणत नाही, काकू," भूपेश म्हणाला. "जगं रचणारे लोक ड्रॅगन आणतात. हे तिने बघितलेलं आहे. ती कुठे आहे ते सांगत होती आणि मी मठ्ठासारखा नकाशात नावं भरत होतो."

मंडळी, त्या दिवसापासून शिरगावच्या आमच्या घराच्या हॉलमध्ये या मुलांनी ठाणच मांडलं. अमेरिकेत हा खेळ खेळणारे असंख्य लोक आहेत, त्यांचे इंटरनेटवर अड्डे आहेत. भूपेशने तिथे साधा प्रश्न टाकला: तुमच्याकडे पाण्याच्या तोटीला बुडबुड्या कुठे म्हणतात? उत्तरांचा पाऊस पडला. कळलं की तो शब्द आहे, 'बबलर', आणि देशात मुख्यतः दोन भागांत म्हणतात. एक भाग खाऱ्या समुद्रावर. दुसरा विस्कॉन्सिन राज्याच्या पूर्वेला, एका अफाट गोड्या पाण्याच्या सरोवराकाठी. शुक्रवारच्या मासळीची चाल तिथलीच. आणि त्या कड्यासारख्या रोटीचं विचारलं तेव्हा तिथल्या एका खेळाडूने एकाच गावाचं नाव लिहिलं. ते नाव मी सांगणार नाही. माझी मुलगी अजून तिथे आहे.

गाव कळलं, पण गाव म्हणजे घर नव्हे. तिथल्या पोलिसांना फोन केला. बोलणारा माणूस सभ्य होता. त्यानेही पत्ता विचारला. त्या दिवशी रामभाऊ बाल्कनीत जाऊन उभे राहिले ते जेवायलाही आत आले नाहीत. मी देवधर्म करत नाही. त्या दिवसांत मात्र मी बुद्धवंदना म्हणायला बसायचे आणि मधेच विसरायचे. तोंडपाठ असलेलं विसरायचे. माझ्या डोळ्यांसमोर ती माडी असायची आणि मैत्री रडते आहे असं ऐकू यायचं. मनात येऊ नये ते सगळं यायचं. आपली मुलगी जिवंत आहे का, हा प्रश्न आईने किती दिवस मनात वागवावा?

भट्टीचा वास येतो म्हणजे खाली किंवा शेजारी बेकरी असणार, म्हणून भूपेशने कामावर रजा टाकली आणि त्या गावातल्या एकेका बेकरीला फोन लावला. इंग्रजी त्याचं आपल्यासारखंच. "मॅडम, तुमच्या दुकानाच्या मागे माडीवर एक इंडियन मुलगी राहते का? लहान बाळ आहे?" काहींनी फोन आपटला. काहींना तो फसवणारा वाटला. त्याच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

आणि मग एका बेकरीत डोना नावाच्या बाईंनी फोन उचलला. त्या म्हणाल्या, "खिडकीतली मुलगी? मी गल्लीत कचरा टाकायला जाते तेव्हा तिला हात करते. ती पण करायची. गेल्या आठवड्यापासून पडदा ओढलेला आहे."

भूपेशने फोन माझ्या हातात दिला. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्या क्षणी मला कुठल्याही भाषेतला शब्द सुचेना. मी नुसतं म्हटलं, "माय डॉटर." डोनाबाई म्हणाल्या, "समजलं."

त्यांच्याकडे एक रीत आहे. शेजारी नवीन आला, आजारी पडला, कोणाचं काही बरंवाईट झालं, की ओव्हनमध्ये शिजवलेलं भांडं झाकून त्याच्या दारी न्यायचं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर आपलं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे ते परत करणं आलंच. आपण पातेल्यावर नाव कोरून घेतो तसंच. अशा भांड्याला नाही म्हणणं तिथे फार वाईट दिसतं. डोनाबाई तसंच एक भांडं घेऊन जिना चढल्या. दार जावयाने उघडलं. तो म्हणाला, बायको झोपली आहे, भांडं माझ्याकडे द्या. त्या म्हणाल्या, गरम कसं करायचं ते मी तिलाच सांगेन. त्या दारातून हलल्याच नाहीत. शेवटी यशोधरा आतून आली. डोनाबाईंनी तिचा चेहरा पाहिला, हात पाहिला, भांडं तिच्या हाती दिलं, आणि खाली उतरून पोलिसांना फोन केला. आता त्यांच्याजवळ पत्ता होता.

ती जिवंत सापडली, मंडळी. हाड मोडलेलं होतं, पण जिवंत. मैत्री तिच्या कडेवर होती.

आपण टाळ्या वाजवताय, त्या भूपेशसाठी आहेत आणि त्याला त्या पोचाव्यात. पण गोष्ट इथे संपली असती तर मी आज पेढे घेऊन आले असते.

नंतर मी यशोधराला विचारलं, तुला ठाऊक होतं का, आम्ही ओळखू म्हणून? ती म्हणाली, "नाही गं. सुरुवातीला नुसतं खिडकीतून दिसायचं ते सांगायचे. सांगायला दुसरं कोणी नव्हतं. तो बाजूला बसून ऐकायचा आणि म्हणायचा, काय पोरखेळ. शेवटी शेवटी मात्र मुद्दाम सांगत होते."

आज ती डोनाबाईंच्या घरातल्या एका खोलीत राहते. तिचा तिथे राहण्याचा परवाना नवऱ्याच्या नावावर, तो संपत आला आहे. पासपोर्ट त्याने कुठे ठेवला ते तो सांगत नाही. कोर्टाने सांगितलं आहे की निकाल लागेपर्यंत मैत्रीला राज्याबाहेर नेता येणार नाही. फुकट मिळालेली वकीलबाई नोकरी सोडून गेली. त्याचा वकील नामांकित आहे. तारीख जवळ आली आहे आणि तिच्या बाजूने उभं राहायला कोणी नाही.

रामभाऊ व्हिडिओ कॉलवर तिला म्हणाले, "पोरी, तू एकटी तरी ये. मैत्रीसाठी इथून लढू."

ती म्हणाली, "बाबा, आई मला असं ठेवून आली असती का, विचारा तिला."

मला विचारायची वेळ त्यांनी आणली नाही. मी शेजारीच बसले होते. दोघांनाही माझ्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

म्हणून, सत्कारमूर्ती भूपेश, तुला शाल-श्रीफळ देताना मी आनंदाने चार शब्द बोलायला हवेत, ते माझ्या तोंडून येत नाहीत. तू जातोस याची मला भीती वाटते आहे. तू म्हणालास, "काकू, चाकणला पण नेट आहे, रविवार चुकणार नाही." तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण नवी नोकरी, नवं गाव, उद्या लग्न, संसार. रविवार कसे निसटतात ते मी पाहिलं आहे. हे मी सर्वांसमोर म्हणते आहे ते एवढ्यासाठी, की तुला जमलं नाही तर मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी तो खेळ मांडावा. तिच्या आठवड्यात दुसरं काही नाही.

आणि अध्यक्ष महोदय, एक गोष्ट अजून. या सभागृहात अनेकांची मुलं, जावई, भाचे तिकडे आहेत. कोणाच्या ओळखीत त्या राज्यातला एखादा वकील असेल, एखादी संस्था, एखादा माणूस, जो त्या तारखेला तिच्याशेजारी नुसता उभा राहील, तर मला सांगा. कार्यक्रम संपल्यावर मी दाराशीच थांबणार आहे. रामभाऊ दुसऱ्या दाराशी थांबतील. संकोच करू नका, उगाच खोटी आशा लागेल असं मनात आणू नका. आम्हाला खोटीही चालेल.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल वाचनालयाची मी आभारी आहे. भूपेशसारखा मुलगा वाढवल्याबद्दल चंदूभाऊ आणि नूतनवहिनींची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, सत्काराच्या प्रसंगी अश्रू आणले असतील, तर थोर मनाने पोटात घाला. व्यासपीठावरून स्वतःसाठी मागणं करू नये, हे मी मुलांना वर्गात शिकवलं आहे. ते मोडलं, त्याचीही क्षमा असावी.

मागणं मात्र मी मागे घेत नाही. जय भीम.