डावीकडच्या दहा पायऱ्या

मी मूळचा सोलापूरचा, घरात दोन हातमाग, त्यामुळे काय सांगू तुम्हाला, अक्षरं यायच्या आधी मला धागे मोजता यायचे. इंग्लंडात लेस्टरला आलो तो होजिअरीच्या फॅक्टरीत चेकर म्हणून लागलो, सव्वीस वर्षं एकच काम, कापडातली चूक शोधायची आणि माल बाजूला काढायचा. बायको म्हणायची, अहो, निदान पोळ्या तरी पास करत जा.

आमच्या शेजारी, भिंतीला भिंत, कमलादीदी, नेपाळच्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आदल्या वर्षी त्यांची आई, त्यांच्यात आमा म्हणतात, तिकडे नेपाळात वारली आणि भाऊ इथंच ब्रिटिश फौजेच्या गोरखा पलटणीत, त्याला रजा मिळाली नाही, शेवटचं तोंड काही बघता आलं नाही. आपली भाऊबीज तीच त्यांची भाईटीका. तर दीदींनी ठरवलं, त्या दिवशी भावाला आई विणायची तशीच ढाका टोपी द्यायची. ढाका म्हणजे त्यांचं नक्षीचं सुती कापड, नक्षीचा रंगीत धागा बोटांनी भरायचा, कागदावर काही नाही, सगळं हाताला ठाऊक. पण दीदींनी वीस वर्षांत मागाला हात लावला नव्हता, आईनं विणलेला वीतभर तुकडा तेवढा जवळ. मी त्यांना छोटा माग बांधून दिला, आणि वर शहाणपणा केला, तुकड्यावरची नक्षी मोजून ग्राफपेपरवर उतरवली. देवळाच्या शिखरासारखी नक्षी, उजवीकडे अकरा पायऱ्या, डावीकडे दहा. प्रत्येक शिखराला तसंच. मी डावीकडे अकरावी घातली. सांगितलंही नाही, चूक काढली तर त्यात सांगायचं काय!

भाईटीकेला चार दिवस राहिले तेव्हा माझा कागद बघून दीदींनी विणलेलं कापड पुरं झालं. दीदींनी आईचा तुकडा शेजारी ठेवला, बोट लावून मोजलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, दाइ, म्हणजे दादा, आईचं डाव्या हाताचं एक बोट विळ्यानं गेलं होतं, डावीकडच्या शेवटच्या धाग्यांना तिचा हात पोचायचा नाही. रागावल्या नाहीत हो. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी रजा टाकली आणि सुई घेऊन बसलो. चौतीस शिखरं, प्रत्येकाची अकरावी पायरी उसवली, खालचं कापड शाबूत ठेवून. बायको म्हणाली, आज काय, चुका घालायचं काम मिळालं का?

भाऊ आला, दीदींनी त्याच्या कपाळाला सात रंगांचा टीका लावला, रिवाजाप्रमाणे दारात अक्रोड फोडला, त्या कापडाची शिवलेली टोपी दिली. त्यानं ती हातात फिरवली, शिखरांची डावी कडा अंगठ्यानं चाचपली. आमा, एवढंच म्हणाला.

आता मी रिटायर आहे. दीदी मलाही दरवर्षी टीका लावतात, देव त्यांना सुखी ठेवो. आणि पोळ्यांबद्दल मी काही बोलत नाही, हवं तर हिला विचारा.