एस्तेरबाईंशी वाद

धाराशिवच्या स्टँडवर माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना त्यांचा धाकटा भाऊ अचानक भेटला.

"रणधीर, फेसबुकवरच्या त्या ख्रिश्चन बाईशी अजून भांडतोस का रं?"

"एस्तेरबाईंशी? भांडतो की, अक्का. मी म्हणतो देव न्हाय, त्या म्हणतात हाय. मागं त्यांच्या ग्रुपवर आलं, प्रार्थनेनं एका आंधळ्याला दिसाय लागलं. मी पुरावा मागितला."

"मग शिव्या खाल्ल्या असशील."

"न्हाय. बाई स्वतः त्या माणसाच्या गावाला जाऊन आल्या. सगळ्यांसमोर लिहिलं, 'हे खोटं आहे. त्या माणसाला आधीपासूनच दिसत होतं.'"

"आपल्याच लोकांच्या विरोधात?"

"व्हय. लई बोलणी खाल्ली. ग्रुपमधून काढलं त्यांना."

"मग देव सोडला का त्यांनी?"

"छे! म्हणाल्या, 'खोट्याचा टेकू लागायला माझा देव काही पडका नाही.'"

"धीराची बाई! तुझे ते देव न मानणारे दोस्त खूश झाले असतील."

"त्यांना बाईंची टिंगल करायची होती. मी आडवा आलो, तर मलाबी आमच्या ग्रुपमधून काढलं."

"म्हंजी मिटला वाद."

"कशाचा मिटतोय? आता आमी दोघंच भांडतो. काल म्हणाल्या, तुम्ही लिहिलेला तेर गावच्या भोंदूबाबाचा किस्सा खोटा आहे."

"खरंच खोटा हाय?"

"तेच विचाराया तेरला चाललोय."