सासूबाईंच्या दुसऱ्या लग्नाचा व्हिडिओ

नाही, तुम्हीच सांगा, सासूबाईंच्या तोंडावर एवढा रवा आला कुठून? उपम्याचा जाडा रवा हो, नाकावर, कपाळावर, गालांवर, नुसता वळवळतोय... आणि म्हणे फोर-के!

तुम्हाला सांगतो, आमच्या म्हैसूरकडे माणूस साठीचा झाला की त्याचं त्याच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतात. मांडव, होम, मंगळसूत्र, सगळं. सासऱ्यांची साठीशांत आली दसऱ्यानंतर लगेच. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, पहिल्या लग्नात फोटोवाला आलाच नाही. नवरी झालेलं मी स्वतःला कधी पाहिलंच नाही हो. या वेळी तेवढं मंगळसूत्र..." मी छाती ठोकून म्हटलं, "फोर-केमध्ये काढतो, एकेक मणी मोजून घ्या."

मोजा आता! उन्हात फोनच्या त्या एवढ्याशा पडद्यावर काय कळतं? संध्याकाळी अख्खं घर टीव्हीपुढं, हातात म्हैसूरपाक, आणि पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटलेलं. सासरे विचारतात, "माझ्या शेजारी ही कोण बसलीय?" सासूबाई उठून आत गेल्या.

मग सल्ले. मेहुणा गुरुप्रसाद, बेंगळुरूला संगणकात असतो, तो म्हणे, "भावोजी, झूम केलंत ना? झूम केलं की दाणे येतातच." नाही केलं रे बाबा. "मग उजेड कमी असेल." भर दुपारी, उघड्या अंगणात? काका म्हणाले होमाचा धूर, काकू म्हणाल्या दृष्ट. फोन बंद करून चालू केला, सेटिंग पाहिलं, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर लावून पाहिला, रवा तिथंही हजर... आणि म्हणे फोर-के!

शेवटी फोन उलटा केला आणि मी हबकलोच. कॅमेऱ्याच्या तिन्ही डोळ्यांवर गंध! वाळलेलं चंदन, त्यावर कुंकू. बायकोला विचारलं, "भार्गवी, हे काय?" तर अगदी शांतपणे, "नवमीला आयुधपूजा नव्हती का? मिक्सरला लावलं, स्कूटरला लावलं, तुमच्या फोनलाही लावलं. तीन डोळे दिसले, मी तर हातच जोडले." अगं, मग नंतर पुसायचं नाही? "पूजेचं गंध कुणी पुसतं का?" आणि तो बिचारा फोन, त्याला वाटलं अंधार पडला, त्यानं ओढूनताणून उजेड केला, त्याचाच हा रवा.

गुरुजींना स्पीकरवर फोन लावला, म्हटलं, मंगळसूत्र तेवढं परत बांधता येईल? "छे, आता एकदम सत्तरीला." हे ऐकून सासूबाई बाहेर आल्या, डोळे पुसले, सासऱ्यांच्या हातातला म्हैसूरपाक काढून घेतला. "ऐकलंत? सत्तरी गाठायची. मला माझं लग्न बघायचंय. उद्यापासून गोड बंद, रोज पहाटे चामुंडीच्या डोंगराच्या पायऱ्या चढायच्या. जावईबापू येतील सोबतीला."

तेव्हापासून चढतोय. सासरे तर काय, तुरुतुरु वर पोचतात हो. सत्तरीपर्यंत टिकायचा प्रश्न आता माझाच आहे.