ओल्या चादरींचं वजन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय न्यायाधीश महोदय, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले कारागृह अधीक्षक साहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते मुद्देमाल खोलीचे कारकून, म्हणजे आपले तराजूकाका, पहिल्या रांगेतल्या काकू, कचेरीतले सगळे लहानमोठे सहकारी, वकील मंडळी, आणि मागं दाराशी उभे राहून ऐकणारे पहारेकरी बंधू, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच कबूल करतो, मी घाबरलो आहे. हा कागद थरथरतोय तो पंख्यामुळं नाही. पंखा बंद आहे. काकांचा समारंभ म्हटल्यावर कुणीतरी सवयीनं बंद केला असणार, कारण काका वजन करायला बसले की आधी पंखा बंद होतो, मग खिडकी, मग आजूबाजूच्यांची तोंडं. हेडक्लार्क साहेबांनी मला परवा सांगितलं की वक्त्यांच्या यादीत तुझं नाव आहे. मी म्हटलं, साहेब, चुकून आलं असेल, मी तर वह्या शिवणारा बाइंडर. ते म्हणाले, चुकून नाही, काकांनी स्वतः घातलंय. तेव्हापासून माझी पाचावर धारण बसली आहे. का घातलं असेल? मला अजून नीट कळलेलं नाही. बोलता बोलता कळलं तर तुम्हालाही सांगेन.

मला भाषणाची सवय नाही. शाळा मी सातवीत सोडली, म्हणजे शाळेनंच मला सोडलं म्हणा. मग एका सर्कशीबरोबर दिवे लावत हिंडलो, बंदरावर होड्यांना रंग दिला, मिठागरात एक हंगाम काढला. मिठागरातलं एक सांगण्यासारखं आहे. तिथं मीठ ओलं असताना कधीच मोजत नाहीत. मुकादम म्हणायचा, पाण्याचं वजन पाण्याला परत जाऊ दे, मग आपलं बघू. ते असो. मी भरकटतो, हे काका जाणतात. ते मला म्हणतात, तुझी शिवण सरळ असते, बोलणंच तेवढं वाकडं.

तर काकांविषयी. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोलिसांनी जप्त केलेला माल निकाल लागून त्याची विल्हेवाट होईपर्यंत तळघरातल्या खोलीत राहतो. सुरे, सायकली, गांजाचे गठ्ठे, एकदा तर एक जिवंत पोपट. छत्तीस वर्षं ती खोली काकांनी सांभाळली. आलेली प्रत्येक वस्तू तोलायची आणि शाईनं वहीत लिहायची. काकू मघाशी मला सांगत होत्या की भाजीवाला यांना लांबून पाहिलं तरी गाडी पुढं ढकलतो. काकू, हे इथं सांगू नको म्हणाला होतात, पण माझ्याच्यानं राहवलं नाही.

काकांच्या आधी त्या खोलीवर जो माणूस होता, त्याचा एक गठ्ठा तपासणीत हलका भरला. आठशे ग्रॅमनं. त्यानं माल विकला असा ठपका आला आणि तो निलंबित झाला. माल विकलेला नव्हता, वाळला होता. पण ते सिद्ध कसं करणार? काकांनी त्याच दिवसापासून एक रीत पाडून घेतली. दर वर्षी मोजदादीच्या वेळी सगळं सीलबंद सामान पुन्हा तोलायचं आणि शाईच्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं नवा आकडा लिहायचा. पुढं एकच शब्द, तोही पेन्सिलीनं. ‘वाळला.’ कुणी बोट दाखवलं तर आपल्याजवळ उत्तर असावं, एवढंच. म्हणजे बघा, ही रीतसुद्धा भीतीतूनच आली. ही कचेरीच भीतीवर चालते, असं मला कधी कधी वाटतं. माफ करा, हे कागदावर नव्हतं.

आता मी कोण ते सांगतो, कारण अर्ध्या लोकांना ठाऊक आहे आणि उरलेल्यांना शेजारी बसलेले आत्ता कानात सांगताहेत. बाइंडिंग मी तुरुंगात शिकलो. पाच वर्षांची शिक्षा होती, दोन वर्षांनी दयेवर सुटलो. माझे अजून अकरा महिने अटींवर चालले आहेत. त्या अकरा महिन्यांत पाय घसरला तर उरलेली तीन वर्षं आत जाऊन भरायची. अधीक्षक साहेबांनी सुटकेचा कागद हातात देताना मला तीनदा विचारलं होतं, समजलं का म्हणून. समजलं, साहेब. रोज सकाळी उठल्या उठल्या समजतं.

माझी थोरली बहीण, ताई, अजून आत आहे. तिची शिक्षा पंधरा वर्षांची. चार झाली. येत्या गुरुवारी तिच्या दयेच्या अर्जावर सुनावणी आहे आणि त्या अर्जासोबत शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांचं मत जोडावं लागतं. ते न्यायाधीश आज आपले अध्यक्ष आहेत. कुणी पाणी देईल का?

आभारी आहे.

आम्ही निर्दोष होतो असं मी म्हणत नाही. ताई रुग्णालयाच्या चादरी धुण्याच्या कामावर होती. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, गांजाचा एक गठ्ठा घरी आणला, कोयत्यानं बरोबर मध्यावर कापला आणि दोन फडक्यांत बांधला. एक तुकडा माझ्या पिशवीत ठेवला, दुसरा ताईच्या हाऱ्यात, ओल्या चादरींच्या मधोमध. म्हणाले, एका दिवसाचा प्रश्न आहे. आम्हाला ठाऊक होतं ते काय आहे. ताई नको म्हणाली, पण हारा उचलून बाहेर फेकला नाही. मीही पिशवी खाली ठेवली नाही. संध्याकाळी पोलीस आले. दाजी मागल्या दारानं गेले ते आजतागायत कुणाला दिसलेले नाहीत.

कायद्यात एक रेघ आहे, एक किलोची. रेघेच्या अलीकडं पाच वर्षं, पलीकडं पंधरा. माझा तुकडा तोलला, नऊशे तीस ग्रॅम. ताईचा दिवसभर ओल्या चादरींत मुरलेला होता. तो तोलला, अकराशे ऐंशी. त्या खोलीत जसा माल येतो तसाच तोलायचा नियम आहे. काकांनी नियमानं तोलला. पंखा बंद करून, श्वास धरून, अगदी अचूक. पाणीसुद्धा अचूक तोललं.

निकालाच्या दिवशी आमचे वकील म्हणाले की दोघांचा गुन्हा एकच आहे. न्यायाधीश महोदय, तुम्ही त्यांना थांबवून जे म्हणालात ते मला पाठ आहे. तुम्ही म्हणालात, “एका किलोच्या वर गेल्यावर कायद्यानं माझ्या हाती काही ठेवलेलं नाही.” तुम्ही चष्मा काढून ठेवला होता. मला तेव्हा तुमचा राग आला होता. आता येत नाही. पण प्रश्न पडतो. ज्या रेघेला माणूस दिसत नाही, नुसता काटा दिसतो, तिच्यावर दहा वर्षं कशी टांगायची? एवढ्या काळात पोरं मोठी होतात, दात पडतात. ताईचे पुढचे दोन दात तिथंच गेले. ती आतही चादरीच धुते. भेटीला गेलो की एकच विचारते, तुझं काम टिकलंय ना? मागच्या भेटीत मी तिला या समारंभाचं सांगितलं. ती जाळीच्या पलीकडून म्हणाली, “काकांचं कौतुक कर आणि खाली बस. माझं नाव काढलंस तर बघ.”

तिचं नाव काढलेलं नाही, हे आपण लक्षात घ्यावं.

आता मूळ गोष्टीवर येतो. मघापासून तिच्याभोवती घिरट्या घालतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

काका उद्या कार्यभार सोपवतात. मुद्देमाल खोलीची जुनी पद्धत अशी की वही नव्या माणसाच्या हाती देण्याआधी पेन्सिलीचे सगळे आकडे पुसून टाकायचे. फक्त शाई ठेवायची. पेन्सिल हा आपल्यापुरता जीव वाचवायचा मार्ग असतो, तो सरकारी दस्तऐवज नाही. ती तशीच राहिली तर एखादा तपासनीस विचारणार, इतकी वर्षं माल घटत होता तर वर कळवलं का नाही? मागच्या सोमवारी काकांनी मला पाच वर्षांची जाड वही दिली, तिचा कणा सुटला होता, आणि सोबत नवा कोरा खोडरबर दिला. म्हणाले, आधी पुसून घे, मग शीव.

मी दीड दिवस पुसत होतो. बावन्न पानं पुसली. हे काम करताना माणूस वाचत नाही, हात चालतो नुसता. त्रेपन्नाव्या पानावर माझा स्वतःचा खटला क्रमांक आला. तो मी झोपेतही ओळखेन. त्याच्या खालच्या ओळीत ताईचा.

दोघांपुढं शाईचे आकडे होते, नऊशे तीस आणि अकराशे ऐंशी. शेजारी तीन वर्षांचे पेन्सिलीचे. तिसऱ्या वर्षीचा माझा आठशे चौऱ्याण्णव. ताईचा आठशे नव्वद. पुढं दोघांनाही तोच शब्द, वाळला.

चार ग्रॅमनं तिचा तुकडा हलका होता. माझ्यापेक्षा हलका.

तुम्ही म्हणाल, मग गठ्ठा पुन्हा तोलून घ्या. तो नाही. अपील फेटाळलं गेल्यावर नियमानुसार दोन्ही तुकडे भट्टीत जाळले. आता या जगात त्या दोनशे नव्वद ग्रॅम पाण्याचा पुरावा एकच आहे, पेन्सिलीची ती ओळ, आणि तिच्यावरून एक बोट फिरवलं तर तीही नाही.

मी वही घेऊन काकांकडं गेलो. ते सीलची लाख खरवडत होते. पान पुढं ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत त्या आकड्यांच्या टोकाला माणसं आहेत हे त्यांच्या मनात आलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी माल होता, आणि माल वाळतोच.

त्यांनी विचारलं, “पुसलंस?”

मी म्हटलं, “अजून नाही, काका.”

त्यांनी लाखेचे तुकडे गोळा केले. मग म्हणाले, “पेन्शनचे कागद अजून माझ्या हातात पडलेले नाहीत रे.”

एवढंच. पूस म्हणाले नाहीत, पुसू नको म्हणाले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी वक्त्यांच्या यादीत माझं नाव.

काका, मी तुमच्यावर रागावलेलो नाही. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला कचेरीत टेबल द्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा तुम्ही तळघरात तुमच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकलंत. माझ्या डब्यात काय आहे हे न विचारता तुमच्यातलं अर्धं काढून ठेवायचात. छत्तीस वर्षं एका ठपक्याच्या भीतीनं काढल्यावर शेवटच्या दिवशी तो ठपका कोण ओढवून घेईल? मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. मी तर माझ्या जागीच धड उभा नाही, हे टेबल धरून उभा आहे.

अधीक्षक साहेब, माझ्या सुटकेच्या कागदावर एक अट अशी आहे की कामावरच्या वरिष्ठाची आज्ञा मोडली तर त्याच दिवशी आपल्याला कळवायचं. म्हणून सर्वांसमक्ष कळवतो. काकांनी पेन्सिलीचे आकडे पुसायला सांगितले होते. बावन्न पानांपर्यंत मी आज्ञा पाळली, त्याचंही आता वाईट वाटतं, कारण त्या पानांवर कुणाकुणाच्या ताया होत्या देव जाणे. त्रेपन्नाव्या पानापासून मी आज्ञा मोडली आहे. वही शिवून झाली, माझ्या कपाटात आहे, किल्ली ही. मी ती टेबलावर ठेवतो. ही चूक माझी एकट्याची. यात काकांचा हात नाही. मला आत जावं लागलं तर मी जाईन.

न्यायाधीश महोदय, तुमच्याकडं मी निर्दोष सुटका मागत नाही. ताईनं पाच वर्षांचं काम केलं, चार भरली, पाचवंही भरेल. पुढची दहा पाण्याची आहेत. तेव्हा कायद्यानं तुमच्या हाती काही ठेवलं नव्हतं. दयेचा अर्ज त्यासाठीच असतो, असं मला आमच्या वकिलांनी सांगितलं. फक्त ते असंही म्हणाले की नुसती पेन्सिल चालत नाही. कुणाची, कधीची, कशासाठी, हे लिहिणाऱ्यानं समोर येऊन सांगावं लागतं. ते मी काकांकडं मागू शकत नाही. मागितलंही नाही. मी फक्त…

काका, तुम्ही कशाला उठलात, बसा ना. सत्कारमूर्तींनी शेवटी बोलायचं असतं. काकू, त्यांना जरा…

हो.

हो, काका.

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल, काकांपुढं माइक नाही, म्हणून मी सांगतो. काका म्हणाले, “अक्षर माझं आहे. गुरुवारी मी येतो.”

मला यापुढं वाचता येत नाही. कागदावर काकांना दीर्घायुष्य चिंतणाऱ्या चार चांगल्या ओळी आहेत, त्या लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला होता, त्या मी त्यांच्या हातात देतो. मला बोलू दिल्याबद्दल हेडक्लार्क साहेबांचे, न थांबवल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे, पाणी देणाऱ्या बाईंचे आणि इतका वेळ खुर्च्या न वाजवता बसल्याबद्दल आपणा सगळ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात जे चुकलं असेल ते माझं आहे. ते जेवढं असेल तेवढंच धरा, एवढी विनंती करून मी खाली बसतो.